सेंट बर्थलमयच्या मागची मोकळी जागा

९ जून २०२५, सोमवार

मागची बाजू जाणार!

नोटीस चर्चच्या दारावर चिकटवून गेलेत. नाताळची चांदणी टांगतो त्याच खिळ्याखाली. खाडीकाठचा नवा रस्ता मागच्या भिंतीतून येणार आणि पाळकांची खोली, पाण्याची टाकी, कबरस्तान, सगळं घेऊन पुढे जाणार. समोरची इमारत तेवढी राहील म्हणे. उपकार!

पाळकसाहेबांचा फोन आला. रेव्हरंड संदेश आढाव. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, पण फोनवर आवाज साठीचा काढतात. "निशाताई, हरकत घ्यायची तर चर्चचा इतिहास जोडावा लागेल. तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तुम्हीच लिहा." मी हो म्हणाले. मलाच का सांगितलं ते त्यांना ठाऊक आणि मलाही. कबरस्तानात अगदी भिंतीला लागून जी शेवटची कबर आहे ती माझ्या प्राप्तीची. तेवढं मात्र कुणी बोललं नाही.

जेवताना प्रभाकरना सांगितलं. नवरा म्हणाला, "आज भाजीत मीठ राहिलंय." पोरीच्या बापाला एवढंच सुचलं!

११ जून

"सेंट बर्थलमय चर्च हे ठाण्यातील —" याच्यापुढे गाडी जात नाही. चहा मात्र होतोय सारखा.

१५ जून, रविवार

उपासना संपल्यावर मागे थांबले. सगळे गेल्यावर भिंतींवरच्या पाट्या वाचल्या. जन्मापासून बघतेय, वाचल्या कधी नव्हत्या. रेल्वेचे साहेब, पुलाचे इंजिनियर, त्यांच्या बायका. आणि पोरं! किती पोरं! ताप, पटकी, पुन्हा ताप. एक आर्थर, दात येता येता गेला. शेजारच्याच पाटीवर त्याची आई. रेल्वे आली, खाडीवर पूल झाला, आणि पूल बांधणाऱ्यांना रविवारी गुडघे टेकायला जागा हवी म्हणून हे देऊळ झालं. काळा दगड होड्यांतून आणला. छताला टांगलेला पंखा ओढायचे, त्याच्या दोरीच्या कड्या तुळयांना अजून आहेत.

माझे आजोबा नगरकडून येऊन इंजिनशेडमध्ये लागले तेव्हा त्यांना इथे मागच्या बाकावरही बसू देत नसत. मराठी उपासना दुपारी, टळटळीत उन्हात, साहेब जेवून आडवे झाल्यावर. साहेब गेले आणि सकाळची वेळ आमची झाली. सत्तर साली अँग्लिकन नाव जाऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी आमची म्हातारी माणसं अजून अँग्लिकनच म्हणतात. कोळीवाड्यात तर सरळ "सायबाचं देऊळ".

शताब्दीच्या स्मरणिकेतलं पहिलंच वाक्य: "खाडीकाठच्या मोकळ्या, निरुपयोगी जागेवर आपल्या पूर्वजांनी प्रभूचे मंदिर उभारले." पूर्वज कसले, साहेबच ते! पण वाक्य झोकदार आहे. दर वर्धापनदिनाला कुणी ना कुणी ते वाचतंच. मीही उचललं. सुरुवात झाली एकदाची.

१६ जून

माजिवड्याहून रिक्षा करून पुन्हा गेले. प्राप्तीच्या मोगऱ्याला आळं केलं, तण काढलं. इतकी वर्षं हेच करतेय.

तिच्या कबरीवर दर नारळी पौर्णिमेला कुणीतरी नारळाची वाटी ठेवून जातं. वर हळदकुंकू! दरवर्षी मी ती उचलून भिंतीपलीकडे भिरकावते. एकदा भिवाजींना झापलंही होतं. ते आमची घंटा वाजवायचे, कबरी खणायचे. कोळीवाड्यातले. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी, "व्हय टीचर" म्हणाले, आणि पुढच्या वर्षी वाटी पुन्हा हजर. प्राप्तीसाठी त्यांनीच खणलं. खणताना रडत होते. स्वतःच्या नातीसाठी रडावं तसे.

आता ते नाहीत. त्यांची सून भागीरथी घंटा वाजवते. आमच्या देवळाची दोरी पिढ्यान् पिढ्या कोळ्यांच्या त्याच एका घरात. वाजवतात आणि आत न येता निघून जातात. असं का, कुणी विचारलेलं नाही. इतिहासात घालायला बरं आहे. विचारलं पाहिजे.

२९ जून, रविवार

मंडळीची सभा झाली. आमची मंडळी म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं, त्यातली निम्मी आता कल्याण-डोंबिवलीला. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. हरकत घ्यायची, किंवा जागा सोडून द्यायची. सोडली तर पुढे नवा हॉल बांधून मिळेल, आणि कबरी टिटवाळ्याच्या पलीकडे नव्या जागेत हलवतील. "सन्मानपूर्वक," ते म्हणाले.

हॉल म्हटल्यावर चेहरे उजळले! लग्नाला हॉल, नाताळच्या जेवणाला हॉल. मतदान झालं. सोडून द्यायच्या बाजूने हात वर झाले, आणि त्यात प्रभाकरांचा हात!

मी उठून बाहेर आले. मागच्या पायरीवर बसून राहिले. ते आले, शेजारी उभे राहिले. "निशा, तिथे आता माती आहे गं फक्त."

मी त्या माणसाशी बोलणार नाही.

सोडायचे हात जास्त होते, तरी शेवटी हरकत घ्यायचं ठरलं, तेही माझ्या तोंडाकडे बघून. दया म्हणून.

३० जून

बोलले नाही.

६ जुलै

टिटवाळ्याला जाऊन जागा बघून आले. एकटी. स्टेशनपासून रिक्षावाला तयार होईना. नव्या इमारतींच्या मागे एक उघडं माळरान, त्यात खुंट्या मारलेल्या. एक झाड नाही. कुत्रं नाही. कोण येणार इथे? मी अजून किती वर्षं येणार? गुडघे आत्ताच बोलतात.

प्राप्ती सहा वर्षांची होती. एकटी झोपायची नाही. झोपेतसुद्धा तिचा पाय कुणाच्या तरी पोटरीला टेकलेला हवा. सुटला की जागी! दोन हजार चारचा ऑगस्ट. तीन दिवसांच्या तापात गेली. माती लोटायला लागले तेव्हा मी ओरडत होते म्हणे, तिला एकटीला ठेवू नका. मला दोघींनी धरून रिक्षात घातलं. घरी आणलं. आणि ती तिथे. पाऊस पडत होता.

ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. एकवीस वर्षं आडवी झाले की माझा पाय आपोआप बाजूला सरकतो.

देवा, तुला ऐकू येतं का? की साहेबांबरोबर तूही बोटीत बसून गेलास?

२५ जुलै

आज भागीरथीकडे गेले. कोळीवाड्यात, गल्लीच्या टोकाला, दारासमोर जाळं टाकलेलं. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान असेल, पण दिसते थकलेली. तिने खुर्ची पुसून दिली. मी वही उघडली आणि घंटेचं विचारलं. वर आतापर्यंत लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. माझी हौस!

पहिल्याच वाक्याला तिने हात वर केला.

"टीचर, मोकली कोनी सांगितली तुमाला?"

"म्हणजे?"

"सायबाच्या आदी आमची पोरं हायत तिथं. दात न आलेलं पोर आमी जालत नाय. पुरतो. भरतीचं पानी लागनार नाय अशी उंच जागा तेवडीच व्हती खाडीवर."

मी लिहून घ्यायला लागले.

साहेबाने त्याच जागेतून भिंत घालायला घेतली तेव्हा कोळीवाडा जमला. तिच्या सासऱ्यांच्या कुणा खापरपणजोबांनी साहेबाला सांगितलं, तुझी घंटा आम्ही वाजवू, फुकट वाजवू, पण मागच्या भिंतीशी आमच्या बायकांना अडवायचं नाही. साहेबाने मान डोलावली. तेव्हापासून दोरी त्या घरात. घंटा वाजली की भिंतीपलीकडच्या पोरांनाही कळतं, आपली माणसं अजून आहेत.

"अजून पुरता तिथे?" मी विचारलं.

"नाय. पाइपलाइन टाकली तवा भिंतीपलीकडं समदा भराव झाला. जागाच नाय ऱ्हायली."

"कधी झालं ते?"

"झाली वीस वर्सं. जास्तीच." एवढं बोलून ती गॅसवरचं बघायला उठली. गॅस बंद होता.

निघताना म्हणाली, "ह्ये लिवशील ना, टीचर?" आजवर ती मला अहो-जाहो करायची. मी म्हणाले, "लिहिते."

रिक्षातच वही काढून लिहीत बसले. केवढा इतिहास! आणि आम्ही इतकी वर्षं "निरुपयोगी जागा" म्हणून टाळ्या वाजवल्या.

२७ जुलै, रविवार

पाळकसाहेबांना नवीन पान दाखवलं. वाचून घाम पुसायला लागले. "निशाताई, हे खरं असेल. पण आपणच लिहून द्यायचं की जागा आधी दुसऱ्यांची होती? उद्या म्हणतील, मग तुमची कशी? केस तिथेच संपली."

"मग?"

"तुम्हाला प्राप्तीची कबर वाचवायची आहे ना?"

त्यांनी तिचं नाव घेतलं! पहिल्यांदा. आणि तेही कशासाठी!

२८ जुलै

काढून टाकलं. पान फाडलं. पहिलं वाक्य होतं तसं राहू दिलं — मोकळ्या, निरुपयोगी जागेवर.

प्राप्तीसाठी करतेय. माझ्या पोरीसाठी मी याहून वाईट करेन.

३ ऑगस्ट

भागीरथी घंटा वाजवून निघाली होती. फाटकाशी गाठ पडली. "लिवलं?" मी म्हणाले, "चाललंय अजून." तिने हसून माझा दंड दाबला. मी दिवसभर तो दंड चोळत होते.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

वाटी आहे. खोबरं पांढरंशुभ्र, वर कुंकवाचं बोट. भिरकावायला हात उचलला आणि राहिला. आता कळलं ना कुणासाठी! भिंतीजवळची कबर ही, म्हणून भिंतीपलीकडच्यांचं हिच्यावर ठेवत असतील. ठेवू देत. हरलो तर पुढच्या वर्षी इथे डांबर असेल.

शेजारी बसले.

२१ ऑगस्ट

सुनावणी झाली. हरलो.

अधिकारी सभ्य होते, तेच वाईट. ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी इतिहास खरंच वाचला होता, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पाळकसाहेबांना विचारलं, "जागा चर्चला दिली कुणी?" पाळकसाहेब म्हणाले, पूर्वीपासून आमचीच. मग अधिकाऱ्यांनी माझं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. माझं! स्मरणिकेतलं, झोकदार! "मोकळी आणि निरुपयोगी. म्हणजे कुणाचीच नव्हती. कुणाची नसलेली जागा सरकारची असते, मॅडम. आधीपासून तिथे दफन होत होतं, लोकांची वहिवाट होती, असं काही असतं तर मला विचार करावा लागला असता."

मी उभी राहिले. "होती! कोळ्यांची लहान मुलं —"

"यात कुठे आहे?"

"मी लिहिलं होतं. काढलं."

"का?"

मी मागे वळून बघितलं. पाळकसाहेब बुटांकडे बघत होते. अधिकारी माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की म्हातारीला ऐन वेळी बरं आठवलं! पुढचं प्रकरण पुकारलं.

माझ्याच हाताने घालवलं. एक वाक्य खरं लिहिलं असतं तर!

२४ ऑगस्ट, रविवार — संत बर्थलमयचा दिवस

घंटा वाजली नाही.

वर्षाचा आमचा सण. डोंबिवलीहून, कल्याणहून सगळे नवे कपडे घालून आलेले. वेळ झाली. सगळे दाराकडे बघत उभे. दोरी लोंबत होती, कुणी हात लावेना. साहेबांच्या काळापासून ही घंटा कधी चुकली नव्हती म्हणतात. शेवटी पाळकसाहेबांनी तशीच प्रार्थना सुरू केली. गाणं सुरात लागेना.

मी अर्ध्यातून उठून कोळीवाड्यात गेले. भागीरथी दारात बसली होती. तिला सगळं कळलेलं. गाव केवढं ते.

"का नाही आलीस?"

"मोकल्या जागंवर कसली घंटा, टीचर?"

मी तिच्या उंबऱ्याशी बसून रडले. हात जोडले. माफ कर म्हणाले. तिने आत जाऊन पाणी आणलं. मी पाणी पीत असताना भिंतीकडे बघत म्हणाली, "खननार कवा?"

"पाऊस संपला की. ऑक्टोबरात."

ती एकदम उभी राहिली. माझ्या हातातला पेला अर्धाच होता, तो घेऊन आत गेली आणि दार लोटलं. एवढा राग! असू दे. माझी तीच लायकी.

७ सप्टेंबर

जेवण जात नाही. मोगऱ्याला कळ्या आल्यात. मूर्ख झाड.

२१ सप्टेंबर

प्रभाकर बोलले. मी पोळ्या लाटत होते, ते दारात उभे. "निशा, मी हात का वर केला माहीत आहे? हरकत घेऊन हरलो तर मशीन येतं. आपणहून दिली तर माणसं हाताने खणतात. पाळकसाहेबांना विचारून घेतलं होतं मी. मशीनचा दात तिला लागायला नको."

मी लाटणं खाली ठेवलं. तीन महिने हा माणूस हे पोटात घेऊन अळणी जेवत होता.

"आता मशीन येणार मग," मी म्हणाले.

"नाही. जाऊन पाया पडलो त्या अधिकाऱ्यांच्या. हाताने खणतील."

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातच खाली बसलो. तवा करपला. त्यांच्या खांद्याला अजून तोच साबणाचा वास आहे. मी म्हणाले, टिटवाळ्याला ती एकटी कशी राहील हो? ते म्हणाले, माहीत नाही गं.

५ ऑक्टोबर

आजही घंटा नाही. दोरीला कोळ्याने जाळं केलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

उद्या खणणार. पांढरी चादर धुऊन इस्त्री केली, तिच्या आवडीची, कडेला बदकं असलेली. एवढी वर्षं कपाटात होती. काय गुंडाळणार त्यात, प्रभाकर म्हणतात तशी माती?

मला जायचं नाही. मी जाणार आहे.

१३ ऑक्टोबर

हाताने खणलं. हलक्या हाताने. लाकूड उरलं नव्हतं. प्राप्तीच्या हिरव्या बांगड्या मिळाल्या, दोन्ही. आणि त्यांच्या अगदी लगत, जिथे तिचा पाय असेल तिथे, काळ्यापांढऱ्या मण्यांची एवढीशी मनगटी. तान्ह्या बाळाची. आमची नव्हे.

पाळकसाहेब म्हणाले, "हे कुणाचं?"

भिंतीशी भागीरथी उभी होती. कधी आली, कळलं नाही. पदर तोंडात. "माजं हाय, टीचर. तुमची पोर गेली त्याच म्हयन्यात, नारली पुनवंला. भराव पडला व्हता, जागा नव्हती. सासरा म्हनला, देवलातली माती अजून मऊ हाय. टीचरची पोर एकटी नको म्हनून रडत व्हती. तिच्याजवल ठेवू."

एकवीस वर्षं! तिचा पाय लागलेला होता कुणाला तरी!

मी भागीरथीला धरलं. प्रभाकरांनी चादर पसरली आणि आम्ही तिघांनी मिळून दोघांना एकत्र गुंडाळलं. टिटवाळ्याच्या दगडावर नाव काय घालायचं, पाळकसाहेबांनी विचारलं. मी भागीरथीकडे बघितलं.

"सूरज," ती म्हणाली, आणि घंटेकडे गेली.